इस्माईलची तहान

माझं नाव रुकय्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या प्रकरणात ते फार वेळा येणार नाही. बारा वर्षांची होईपर्यंत मला या नावाने घरात हाक मारणारी दोनच माणसं होती, आई आणि बाबा. बारा वर्षांची झाल्यावर आईने ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षं मी तिला सांभाळलं, तिच्या गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतली, तिला दोनदा हजला नेलं, मसाल्याचं एक दुकान होतं त्याची तीन केली. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात मला माझं नाव एकदा ऐकायचं होतं. मिळालं नाही. लोक म्हणतात मी चिडकी आहे. आहे. पण का आहे हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. आणि यात माझाही एक गुन्हा आहे, तोही लिहिते.

शारजात आम्ही राहायचो ते घर खाडीजवळ होतं, मासळीबाजारापासून चालत पाच मिनिटांवर. खाली घरमालकीण उम्म सालेम, वर आमच्या दोन खोल्या आणि गच्ची. बाबा लाँचींच्या इंजिनांचं काम करायचे आणि महिन्यातले वीस दिवस पाण्यावरच असायचे. चौथीपर्यंत मी गावाला, रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठी मराठी शाळेत शिकले होते, आणि नवव्या वर्षी इथे आले होते. आज त्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणायला गेले की आधी आवाज येतात. खिडकीतल्या जुन्या एसीची घरघर, खाडीतून निघणाऱ्या लाँचीचं टकटक, आणि दुपारी गल्लीत शिरणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हॉर्न. नळाला येणारं पाणी खारट असायचं. त्याने भांडी घासायची, अंघोळ करायची. पिण्याचं गोडं पाणी टँकरवाल्याकडून घ्यायचं आणि माठात भरायचं. माठाजवळ गावाहून आणलेला एक पितळी पेला उपडा घातलेला असायचा. गोड्या पाण्याचा थेंब सांडला तरी आईची नजर बसायची. आता अल नहदाच्या चौदाव्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात मशीनमधून गार, गरम, हवं तसं पाणी येतं आणि पोरं अर्धा ग्लास पिऊन उरलेलं सिंकमध्ये ओततात. मी ओरडते. ते म्हणतात, नानी, इट्स ओन्ली वॉटर.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. इस्माईल. मी जन्मायच्या चार महिने आधी तो गेला. आमची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे काकांची होडी उलटली. मोठी माणसं पोहत काठाला लागली, नऊ वर्षांचा इस्माईल लागला नाही, आणि मागाहूनही कुठे सापडला नाही. म्हणजे कबर नाही, आणि कबर नाही म्हणजे आईला जाऊन बसायला जागा नाही. तिच्या पोटात तेव्हा मी होते. गावच्या बाया तिला म्हणाल्या, रडू नको हलीमा, तोच परत येतोय. बाबांना हे बोलणं आवडायचं नाही. आपल्यात गेलेला माणूस परत येत नाही, तो अल्लाहकडे असतो, ते म्हणायचे. तरी नाव तयार ठेवलेलं होतं. मग मी आले. आईने ते नाव घडी घालून ठेवून दिलं, पुढच्या मुलासाठी. पुढचा मुलगा झालाच नाही.

ती मला मारायची नाही, उपाशी ठेवायची नाही, तसं काही सांगितलं तर ते खोटं होईल. फक्त माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, जसं काही माझ्या मागून अजून कोणी जिना चढून येणार आहे. वर्षातून एकदा, तो गेला त्या दिवशी, ती घावनं आणि गूळ घातलेला नारळाचा रस करायची, कारण ते त्याला आवडायचं. सगळं डब्यात भरून लाँचीवरच्या खलाशांना वाटून टाकायची. घरभर वेलदोड्याचा वास सुटलेला असायचा आणि मला एक घावन मिळायचं नाही. मी मागितलं तर म्हणायची, "तुझं नाही गो ते." तेवढंच. पण 'तुझं नाही' हे दोन शब्द माझ्या पोटात जे जाऊन बसले ते अजून तिथेच आहेत.

आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं. बाबा पाण्यावर. म्हणजे टँकरवाला, दुकानदार, डॉक्टर, उम्म सालेम, सगळ्यांशी आईच्या वतीने बोलायचं काम माझं. शाळेत इंग्रजी, गल्लीत अरबी, बाजारात हिंदी. आईचं जग माझ्या तोंडातून आत-बाहेर करायचं, आणि मी काय आत सोडते, काय बाहेर ठेवते, हे तपासणारं कोणी नव्हतं. भाव करायला मी तिथेच शिकले. मासळी स्वस्त घ्यायची तर आधी माशाला नावं ठेवायची असतात.

"ये हमूर है? इसकी आँख देखो. मेरे नाना की आँख मरते वक्त इससे साफ थी."

"दस दिरहम," बलुची मासेवाला म्हणायचा.

"दस! बीस-बाईस रुपया! इतने में हमारे गाँव में नाव आती है."

"ए लड़की, बाप को भेज."

"बाप दो देगा. मैं चार दे रही हूँ. यल्ला, काटो."

आई बुरख्याचा पदर तोंडावर धरून मागे उभी असायची. मासा पिशवीत पडला की खालच्या आवाजात विचारायची, "काय म्हणाला?" आणि मी सांगायची, "म्हणाला, तुझ्या आईला सलाम सांग." तो असलं काही म्हणालेला नसायचा. पण आईचा चेहरा जरा उजळायचा, आणि खोटं बोलायला पैसे पडत नाहीत.

आमच्या गच्चीवर कायम मासे वाळत असायचे. बांगडे, सुरमईच्या मीठ लावलेल्या पट्ट्या, दोऱ्यांवर ओळीने. उम्म सालेम खालून नाक धरून ओरडायची. एका दुपारी दार वाजलं. दारात एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची बाई, फुलाफुलांचा झगा, काळे सरळ केस. मला वाटलं फिलिपिनी असेल. इंग्रजीत म्हणाली, "मला वरचे मासे बघायचे आहेत." मी लगेच भांडायच्या तयारीत. मला वाटलं नगरपालिकेने पाठवली. पण ती सरळ गच्चीवर गेली आणि दोऱ्यांच्या मधोमध उभी राहिली. डोळे मिटून तिने असा श्वास घेतला, जसा लग्न होऊन गेलेली पोर माहेरच्या उंबऱ्यावर घेते. मग तिचे डोळे भरून आले. आई मागोमाग वर आली होती. तिने एक पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, "बस."

तिचं नाव आना. नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर इंजिनियर, महिना महिना बाहेर. ती अलास्काची, जिथे समुद्र गोठतो. तिच्या लोकांना युपिक म्हणतात हे तिने सांगितलं होतं, पण आमच्या घरात ती कायम 'बर्फाची बाय' राहिली. दुसऱ्या दिवशी ती आपली सुरी घेऊन आली. अर्ध्या चंद्राच्या आकाराचं पातं, वर मधोमध मूठ. आई विळीवर बसली, आना तिच्यासमोर फळी घेऊन. दोघी मासे कापू लागल्या. एकीचं पातं जमिनीला धरलेलं आणि मासा हलतो, दुसरीचा मासा स्थिर आणि पातं झोके घेतं. पण पोट फाडायची जागा तीच, मधला काटा सोडवायची रीत तीच. तासभर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. आई त्या दिवशी स्वतःशी गुणगुणत होती. आई गुणगुणते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा आना यायची. तिचं बोलणं मी आईला सांगायची, आईचं तिला. एकदा ती आमच्याबरोबर बाजारात आली आणि माझं हमूरच्या डोळ्यांवरचं भाषण ऐकून तिने माझा दंडच धरला.

"असं बोलू नकोस त्याच्याबद्दल."

"मेलेला आहे तो!"

"म्हणून काय झालं? ऐकतो तो. आमची म्हातारी माणसं सांगतात, प्राणी आपणहून शिकाऱ्याकडे येतो. त्याच्याबद्दल वाईट बोललं, त्याचं मांस वाया घालवलं, तर तो पुन्हा येत नाही. आणि आपल्या भाईबंदांनाही सांगतो की या माणसाकडे जाऊ नका."

"मग स्वस्त कसा घ्यायचा?"

ती इतकी हसली की मासेवालाही हसायला लागला आणि त्याने चारचे पाच केले. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

पण तिचं ऐकायला मला आवडायचं. तिच्या आजीच्या काळी सील मारला की त्याचं मूत्राशय जपून ठेवायचे, कारण त्याचा जीव तिथे जाऊन बसतो असं मानायचे. हिवाळ्यात सगळी मूत्राशयं फुगवून पुरुषांच्या मोठ्या घरात टांगायची, पाहुण्यांसारखी. त्यांच्यासमोर गाणी म्हणायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं, एकटं सोडायचं नाही. शेवटी बर्फाला भोक पाडून त्यांना परत समुद्रात सोडायचं, म्हणजे पुढच्या वर्षी तेच सील नवं अंग घेऊन येतात. मग पाद्री आले आणि हे बंद झालं. आना स्वतः चर्चला जाणारी होती. "मी मानते की नाही, मला विचारू नकोस," ती म्हणायची. "आजी मानायची." मी हे आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आपल्या गावचे कोळी नाही का समुद्राला नारळ देत, आणि शेजारचे कावळ्याला भात ठेवतात ते तरी काय? उम्म सालेमला सांगितलं तर तिने आपलंच सांगितलं. तिच्या आजीच्या काळी मोती काढायला गेलेली माणसं वेळेवर आली नाहीत की बाया किनाऱ्यावर जायच्या आणि खजुराची पेटती फांदी पाण्यात खुपसून समुद्राला चटका द्यायच्या. बस कर, आमची माणसं परत दे, म्हणून. बाबा हे सगळं ऐकून कानाला हात लावायचे. मला वाटायचं, सगळ्या जगातल्या बाया एकाच समुद्राशी भाव करतायत.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती फक्त मला. आम्ही दोघीच माठाजवळ बसलो होतो. 'आना' हे चर्चमधलं नाव, ती म्हणाली. तिचं खरं नाव तिच्या जन्माआधी वारलेल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याचं. त्यांच्याकडे नाव बाई-पुरुष बघत नाही. गेलेल्याच्या मागून जे मूल जन्मतं त्याला ते मिळतं, आणि नावाबरोबर माणूसही थोडा येतो. त्या म्हाताऱ्याच्या बायकोने चार वर्षांच्या आनाला 'अहो' म्हणून हाक मारली होती आणि त्याच्या आवडीचं खाणं आधी तिच्यापुढे ठेवलं होतं. "मला खूप लाडात वाढवलं," आना म्हणाली. "अख्खं गाव माझ्यासाठी जागा करून द्यायचं."

हे मी आईला सांगितलं नाही. मी ते ठेवून घेतलं. आपल्याकडे आलेला चांगला माल लगेच बाजारात काढायचा नसतो, एवढं मला बाराव्या वर्षी कळत होतं.

मग बकरी ईद आली. बाबा घरी होते. खालच्या चौकात बकरा आणला, खाटीक आला. सुरीच्या आधी आई पितळी पेला घेऊन खाली गेली आणि तिने बकऱ्याला माठातलं गोडं पाणी पाजलं, एक हात त्याच्या गळ्याखाली धरून. तहानलेल्या जनावरावर सुरी फिरवायची नाही ही आपली रीत. आना जिन्यावर उभी राहून बघत होती. नंतर गच्चीवर आम्ही तिघी बसलो, आई चहा गाळत होती, तेव्हा आना म्हणाली, "आम्हीही देतो. पण नंतर. सील मारून घरी आणला की घरची बाई त्याच्या तोंडात गोडं पाणी ओतते. तो जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला असतो ना. कायम तहानलेला असतो. त्या पाण्यासाठीच तो आपल्याकडे येतो."

मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. शपथ घेऊन सांगते, एवढं जसंच्या तसं सांगितलं.

आईच्या हातातली गाळणी थांबली. ती दोऱ्यांवरच्या माशांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचार तिला. माणूस असला तर? खाऱ्या पाण्यात राहून गेलेला माणूस असला, तर त्याला पण तहान लागते काय?"

मी आनाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "आई विचारते, चहात अजून साखर घालू का?"

आना हसली. छातीवर हात ठेवून मान हलवली. "नको, नको. फार छान झालाय."

आईने तिचा हात छातीवर गेलेला बघितला, मान हललेली बघितली. मग ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्या मागे नाही, माझ्याकडे. आणि मी बोलले. समोरच्याचे डोळे बघत बघत बाजारात आकडा काढतात, तसं एकेक वाक्य काढलं.

"ती म्हणते, हो. तहानलेलाच असतो. त्याच्या मागून जे मूल जन्मतं, मुलगा असो की मुलगी, त्याला त्याचं नाव द्यायचं. मग आईने आपल्या हाताने त्या मुलाला गोडं पाणी पाजलं की ते तिकडे पोचतं."

"आणि नाही पाजलं तर?"

"नाही पाजलं तर तहान तशीच राहते."

हे शेवटचं मी नसतं बोलले तरी चाललं असतं. पण सौदा पक्का होत आला की एक खिळा जास्त ठोकायची मला सवय आहे. आई बोटांवर मोजायला लागली. तिला मोजायची गरज नव्हती, माझं वयच तिचा हिशेब होतं. "बारा वर्षं," ती म्हणाली. "या अल्लाह. बारा वर्षं." लहानपणापासून मला माहीत होतं की हाजराबीबी बाळ इस्माईलच्या तहानेसाठी दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली आणि मक्केत जमजमचा झरा फुटला. ही गोष्ट मला आईनेच सांगितली होती. मी कुठे बोट ठेवते आहे हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

"काय झालं तिला? काय सांगितलंस तू?" आनाने विचारलं.

"गावची आठवण आली," मी म्हणाले.

आनाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. महिन्याभरात तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. जाताना ती आपली सुरी आईला देऊन गेली. मला काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर आई उशाशी बसलेली. हातात पितळी पेला. "इस्माईल," ती म्हणाली, "घे रे. पी." मी प्याले. तिने माझ्या गळ्याखाली हात धरला होता. त्या हातासाठी मी बारा वर्षं थांबले होते. आज इतक्या वर्षांनी खरं सांगते, त्या पाण्याइतकं गोड मी पुन्हा काही प्याले नाही. त्या आठवड्यात तिने घावनं केली, नारळाचा रस केला, आणि पहिलं घावन माझ्या ताटात वाढलं. मी चार खाल्ली. ती माझ्याकडे बघत बसली होती, आणि आता तिची नजर माझ्या मागे जात नव्हती. मला वाटलं मी जिंकले. महिना दीड महिना लागला मला कळायला की ती नजर माझ्या मागे जात नाही, कारण मी तिथे उरलेच नव्हते.

आणि तिने एक नेम धरला. मी प्याल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही. शाळेतून मला उशीर झाला तर कडक उन्हात सुकल्या ओठांनी जिन्यात बसून राहायची. कधी माठाजवळ कपाळ टेकून पुटपुटायची, "मला माफ कर रे बाबा, मला माहीत नव्हतं, कोणी सांगितलंच नाही." हे मी दाराआडून ऐकायची. बर्फाची बाय म्हणाली होती, बोललेलं सगळं ऐकू जातं.

बाबा फेरीवरून आले आणि त्यांनी ऐकलं. आधी भडकले. "शिर्क आहे हे, अल्लाहशी बरोबरी! पाण्यात गेलेला शहीद असतो, हलीमा. त्याला अल्लाहने पाजलंय, तू कोण पाजणार?" आई जेवत होती. ताट भरून घेतलं होतं तिने. रात्रीची भांडी झाल्यावर बाबांनी मला गच्चीवर बोलावलं.

"काय सांगितलंस तू तिला?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते दोऱ्यांवरचा एक बांगडा सरळ करत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "बारा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली ती. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय. मी हजारो सौदे केले, लोकांनी मला फसवलं, मी लोकांना फसवलं. पण माझं नाव माझ्यासमोर फुकट देऊन टाकणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो माझा बाप होता. ते गेले, त्यांच्यासाठी मी दुवा करते, पण हे त्यांना माफ केलेलं नाही.

अठरा वर्षांची असताना मी आईला खरं सांगितलं. स्वयंपाकघरात, मोठ्याने, एक ताट आपटून. "बर्फाची बाय असलं काही बोललीच नव्हती! मी बनवून सांगितलं! मी रुकय्या आहे!" आई भाकरी थापत होती. तिने वर बघितलं आणि हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर क्वचित बघितलं. "लहानपणी पण असाच खोटं बोलायचास तू," ती म्हणाली. "काकांच्या होडीत जाणार नाही म्हणाला होतास." मग पीठाच्या हातानेच पेला भरला.

त्यानंतर मी कधी सांगायचा प्रयत्न केला नाही. पहिलं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर कोणाचं नाव हे तिनेच ठरवलं. मी भांडले, आठ दिवस बोलले नाही, शेवटी ती पाणी प्यायची थांबली आणि मी पाटी रंगवली. आजही गिऱ्हाईक विचारतं, इस्माईलशेठ कुठे आहेत? मी म्हणते, बोला, काय पाहिजे. आई येईल त्या पाहुण्याला सांगायची, "माझ्या इस्माईलने उभं केलं हो सगळं."

तिचा शेवट दुपारी झाला, हॉस्पिटलच्या खोलीत, खिडकीबाहेर पांढरं ऊन. नर्सने सांगितलं, आता जवळ बसा. मी जमजमची बाटली नेली होती. चमचा भरून तिच्या ओठांशी नेला. ओठ फुटले होते, दोन दिवस तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. तिने चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"आधी तू," ती म्हणाली.

"आई, मी प्याले आहे. तू घे."

"आधी तू रे."

मी तो चमचा प्याले. घाईघाईने दुसरा भरला. बाटलीचं तोंड लहान होतं, थोडं चादरीवर सांडलं. चमचा घेऊन वळले तेव्हा तिला तो लागणार नव्हता.

माझ्या आईला मी तहानलेली पाठवलं. मयतीला आलेल्या बाया म्हणाल्या, नशीबवान, मुलीच्या हातून जमजम पिऊन गेली. मी मान हलवली.

त्याच वर्षी माझ्या मुलीला मुलगी झाली आणि मुलीने तिचं नाव आजीवरून हलीमा ठेवलं. छान जुनं नाव आहे, म्हणाली. ही हलीमा आता अकरा वर्षांची आहे, ऊद मेथाच्या शाळेत जाते आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत देते. गेल्या महिन्यात ती माझ्या सोफ्यावर पाय पसरून शाळेचा प्रोजेक्ट करत होती. जगातल्या वेगवेगळ्या लोकांच्या समजुती, असा काहीतरी विषय. टॅब माझ्यापुढे धरून म्हणाली, "नानी, लुक, सो कूल." स्क्रीनवर अर्ध्या चंद्राची सुरी होती. तीच. आईची ती सुरी अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे.

"कोण लोक हे?" मी विचारलं.

"युपिक. अलास्का." आणि ती वाचून दाखवायला लागली. सील, मूत्राशयं, बर्फातलं भोक, सगळं. मग नावाचं आलं. मग ती वाचत गेली आणि मी सोफ्याचा हात धरून बसले. मेलेल्यांना तहान लागते, असं ते लोक मानायचे. मेजवानी करून त्यांना खाणं आणि पाणी द्यायचे. ज्या मुलाला मेलेल्याचं नाव दिलेलं असतं, त्या मुलाला पाजायचं, खाऊ घालायचं, नवे कपडे द्यायचे. त्याला दिलेलं गेलेल्याला पोचतं.

"पुन्हा वाच," मी म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. "नानी, व्हाय आर यू क्राइंग?"

अठ्ठेचाळीस वर्षं मी ज्याला खोटं म्हणून छातीवर घेऊन फिरले, ते त्या लोकांच्या लेखी खरं होतं. आनाने ते मला सांगितलं नव्हतं, मी तुकडे जोडून बनवलं होतं, आणि ते जसंच्या तसं त्यांचंच निघालं. कोणालाही वाटेल की अशा वेळी हलकं वाटावं. मला वाटलं नाही. ते खरं असेल तर ती बारा वर्षंही खरी, इस्माईलची. आणि आई तहानलेली गेली तेव्हापासूनची ही अकरा वर्षंही. मी मुसलमान आहे, पाच वेळा नमाज पढते, गेलेला अल्लाहकडे असतो हे मला माहीत आहे. बाबा सांगत होते ते मला पटलेलं आहे. तरी मी उठले.

माठ कधीच फुटला. पितळी पेला आहे. खणातून काढला, विसळला, मशीनमधून काठोकाठ भरला आणि सोफ्याजवळ आले. माझ्या घरात माझ्या आईच्या नावाने मी कोणाला कधी हाक मारली नव्हती, या पोरीला मी 'बाळा' म्हणते.

"हलीमा," मी म्हणाले. "घे. पी."

"आयॅम नॉट थर्स्टी."

"तरी पी."

तिने पेल्यात वाकून बघितलं, वास घेतला. पोटदुखीला मी तिला ओव्याचं पाणी पाजते, सर्दीला काढा, तेही गोड आहे असं सांगून. पोरगी मला ओळखून आहे. तिने पेला माझ्याकडे ढकलला.

"यू फर्स्ट, नानी."

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. पेला माझ्या तोंडाशी आलेला होता, छत्तीस वर्षांची सवय, ओठ आपोआप उघडतात. मी ते मिटून घेतले. मग एक हात तिच्या गळ्याखाली धरला आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"नाही," मी म्हणाले. "आज आधी तू."

तिने मला वेडी ठरवल्यासारखं बघितलं, आणि प्यायली. घोट घोट. मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवून प्रत्येक घोट खाली जाताना मोजला. संपल्यावर तिने पेला उलटा करून माझ्या तळहातावर धरला. एक थेंब पडला नाही.